चाळीस सेकंदांची मुदत

अरवाची नोकरी गेली ती माझ्यामुळे. आधीच सांगून टाकतो, नाहीतर मी गोष्ट गोल गोल फिरवत बसेन. ती खोड मला आहेच.

अम्मानमध्ये, वेबदे वस्तीच्या चढावर आमची कंपनी. फोनवर खेळायचा पत्त्यांचा त्रिक्स आम्ही बनवतो. चार खेळाडू गावात चार ठिकाणी, पण टेबल एकच. खरं तर चौघांच्या फोनात त्या टेबलाची एकेक नक्कल असते आणि त्यातला एक फोन मालक. तो म्हणेल ते पान खरं. पान पडलं की कुणाकुणाला कळवायचं, याची प्रत्येक टेबलाला एक यादी. मालकाचा फोन गप्प झाला की यादीतल्या पुढच्याकडे मालकी जाते. यादीत कुणीच उरलं नाही तर टेबल पुसून टाकायचं, नाहीतर सर्व्हरवर मढी साचतात.

हे सगळं अरवाने लिहिलं होतं. पोरगी हुशार, तोंडाची फटकळ, सहा महिन्यांच्या करारावर आलेली. ईदनंतर कायम करू, असा आमच्या साहेबांचा, अबू रामिझांचा शब्द होता. त्या शब्दावर तिने झरकाहून आईला आणून इथे घर घेतलं होतं.

फोन किती वेळ गप्प राहिला तर त्याला यादीतून काढायचं? अरवाने दहा मिनिटं ठेवली होती. रमजानातली आमची त्रिक्सची स्पर्धा तोंडावर आली तसे साहेब म्हणाले, "मुतसिम, सर्व्हरवर फार भार पडतोय. काहीतरी छाट." मी छाटलं. दहा मिनिटांचे चाळीस सेकंद केले.

"उस्ताद, हे काय करून ठेवलंत?" अरवा माझ्या टेबलाशी येऊन उभी राहिली.

"सर्व्हर हलका केला."

"अहो, आपली स्पर्धा मगरिबच्या, म्हणजे रोजा सुटायच्या, आधीच्या तासात आहे! अझान झाली की चौघंही फोन उपडा टाकून खजुराला हात घालणार. चाळीस सेकंदांत सूप तरी निवतं का?"

"अगं, त्रिक्सचे वेडे लोक ते. घर पेटलं तरी हातातली पानं सोडायचे नाहीत. मला शिकवू नकोस."

"शिकवत नाही हो. भुकेला माणूस मला ओळखता येतो, एवढंच."

मी चाचणी घेऊन दाखवली. रमजानच्या आधीचा शाबान महिना, दुपारची वेळ, ऑफिसातली सगळी मंडळी जेवून आलेली. एकही टेबल पडलं नाही. मी सगळ्यांसमोर तिची टिंगल केली आणि पोरं खो खो हसली. रोज्याच्या दिवसांतल्या स्पर्धेची चाचणी भरल्या पोटी घेणारा गाढव मीच.

पहिल्या रोज्याच्या संध्याकाळी अझान झाली. आम्ही ऑफिसातच कागद अंथरून बसलो होतो. मी खजूर तोंडात टाकला, वाटी ओढली. माझा स्वतःचा फोनसुद्धा उपडाच होता! अरवाने मात्र पाण्याचा घोटही घेतला नव्हता, ती पडद्यावरचे आकडे बघत होती. दोन हजार टेबलं. मग तीनशे. मग शून्य.

"गेली, उस्ताद. सगळी गेली," ती म्हणाली.

सूप पिऊन लोक परतले तर टेबल नाही, गुण नाहीत, काहीच नाही. शिव्यांचा पाऊस पडला. सकाळ होताच स्पर्धेला पैसे देणाऱ्यांनी अंग काढून घेतलं. अबू रामिझांनी आम्हा दोघांना आत बोलावलं. त्यांना कोड वाचता येत नाही, म्हणून त्यांनी मला विचारलं, "हा भाग कुणाचा?"

"अरवाचा," मी म्हणालो. ते खोटं नव्हतं.

"उस्ताद, पुढचंही सांगा ना," अरवा म्हणाली. मी टेबलावरचे कागद सरळ करू लागलो. तेव्हा तीच बोलली, "साहेब, मी दहा मिनिटं ठेवली होती. यांनी ती चाळीस सेकंदांवर आणली."

"खरं का रे, मुतसिम?"

"मला नीट आठवत नाही, साहेब."

बदल कुणी केला ते दोन मिनिटांत सापडलं असतं. पण साहेब पंधरा वर्षांच्या ओळखीला जागले. दुपारपर्यंत अरवाचा करार संपला. पिशवी भरताना ती मला म्हणाली, "तुम्हाला रोजा आहे ना, उस्ताद? पाणी चालत नाही, खोटं चालतं वाटतं." मला संताप आला. लाज वाटायला हवी होती, पण आला तो संतापच.

त्याच संध्याकाळी, अझानच्या आधी, मी गुपचूप दहा मिनिटं परत बसवली. टेबलं टिकली. साहेबांनी माझी पाठ थोपटली आणि मी थोपटून घेतली.

ईदनंतर एका दुसऱ्या कंपनीतून सुहैर नावाच्या बाईंचा फोन आला. "अरवा आमच्याकडे नोकरीसाठी आलीय. पहिल्या रोज्याला तुमच्याकडे काय झालं ते कानावर आलंय. ती म्हणते, मुतसिम उस्तादांनाच विचारा, ते सांगतील."

माझंच नाव दिलं होतं तिने. खोलीत मी एकटा, दार लावलेलं. एक वाक्य बोलायचं होतं. पण ही बाई अबू रामिझांना ओळखत असली तर? अम्मान केवढंसं! आज इथे बोललेलं उद्या साहेबांच्या कॉफीबरोबर पोचलं असतं.

"मुलगी हुशार आहे," मी म्हणालो. "पण तिच्या कामावर कुणीतरी लक्ष ठेवायला हवं."

"बरं झालं तुम्हाला विचारलं," बाई म्हणाल्या आणि त्यांनी माझे आभार मानले.