बाकावर तिघं

त्यांचा संसार दारातच चालायचा. ती सकाळपाळी करून दुपारी घरी यायची तेव्हा नवरा बूट चढवून, ठकीला कडेवर घेऊन उभाच असायचा. लेक या कडेवरून त्या कडेवर जायची. जेवली का, शी झाली का, एवढं विचारून होईतो हा जिना उतरलेला. तो पावाच्या कारखान्यातून परतायचा तेव्हा या दोघी गाढ झोपलेल्या. साप्ताहिक सुट्ट्यासुद्धा वेगवेगळ्या. ती चष्म्याच्या कारखान्यात काचा घासायची. लोकांना लांबचं स्वच्छ दिसावं म्हणून दिवसभर खपायची, आणि स्वतःचा नवरा तिला दिसायचा तो पाठमोरा.

ठकी तर इतकी तयार झाली होती, की आई दारात दिसली रे दिसली की ती बापाला टाटा करायची. एक आलं की दुसऱ्यानं जायचं, हा जगाचा नियमच आहे असं त्या पोरीला वाटत होतं. 

तिघांना एकत्र राहता यावं म्हणून तिच्या आईनं राष्ट्रीय उद्यानाचा ध्यास घेतला. तिथे तळ्याकाठी लाकडी खोल्या होत्या, पहाटे हरणं पाण्यावर यायची, आणि एका झाडाचा बुंधा एवढा रुंद होता म्हणे, की त्याला कवेत घ्यायला तीन माणसं लागायची. आपण अडीच आहोत, नवरा म्हणाला होता, अर्ध्याला उचलून धरू.

खोल्या मिळणं सोपं नव्हतं. सकाळी आरक्षण उघडलं की चहा गार व्हायच्या आत सगळं संपायचं. तिनं तीनदा प्रयत्न केला. चौथ्यांदा काचेचं यंत्र बंद करून, मुकादमबाईंची बोलणी खात, मोबाईलवर खोली मिळवलीच. दुपारी दारात ठकीला घेता घेता तिनं नवऱ्याला सांगितलं, की खोली मिळाली, मी रजा टाकलीये, रविवारी संपते, तूही टाक. तो जिन्यातूनच हो म्हणाला.

दोन दिवसांनी दारातच त्यानं खुशीत सांगितलं, रजा मंजूर. तिनं विचारलं, कधीपासून?

"कधीपासून म्हणजे? रविवारपासून. तुझी संपली की माझी, नेहमीसारखी."

बोलता बोलता त्याचं त्यालाच कळलं. ठकीच्या जन्मापासून ते असेच रजा घेत आले होते, आळीपाळीनं, पोरीपाशी कुणीतरी असावं म्हणून. एकत्र रजा घेता येते हे त्याच्या डोक्यात आलंच नव्हतं. तिला रडू यायच्या ऐवजी हसू आलं, आणि मग रडूही.

रजा बदलून मिळावी म्हणून तिनं मुकादमबाईंना गळ घातली, त्यानं साहेबांना. दोन्हीकडून नकार. सासूबाई फोनवर म्हणाल्या, तुमचं लग्न झालंय की पहाऱ्याची नोकरी?

शेवटी त्यानंच तोडगा काढला. "तुम्ही दोघी जा. शनिवारची पाळी संपली की मी पहिली बस पकडतो."

पण रविवारी सकाळी खोली सोडायची होती. तो पोचेल तेव्हा या दोघी फाटकाशी सामान घेऊन बसलेल्या असतील. झाड फार तर धावत बघून होईल. हरणं तर तोवर कुठल्या कुठे. मग परतीची बस. पण ती बस लांबची होती, आणि तिघं एका बाकावर असणार होते. तो बसल्या बसल्या डुलकी काढेल, त्याचं डोकं आपल्या खांद्यावर येईल. तिला हरणांपेक्षा त्या बाकाचीच ओढ लागली.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती आली. बापाच्या कडेवरून ठकीनं त्याला टाटा केला. तो निघणार, एवढ्यात तिनं त्याची बाही धरली आणि दाराजवळच्या चपलांच्या बाकाकडे मान हलवली.

"बस ना. जरा बसचा सराव करू."

"उशीर होईल गं."

"होऊ दे."

तो बसला. ती त्याला चिकटून बसली. बाक दोघांनाही तोकडा होता, ठकी अर्धी त्याच्या मांडीवर, अर्धी हिच्या. तिनं मान त्याच्या खांद्यावर टेकवली. त्याच्या शर्टाला पावाचा वास होता. तो आज तिला पुरता घेता आला.

ठकीनं हात वर केला. बापाकडे पाहिलं, मग आईकडे. कुणीच उठेना. तिनं हात तसाच थोडा वेळ धरला, आणि मग खाली घेऊन बापाच्या बुटाची नाडी ओढू लागली.