मान कुणी हलवली

उजव्या पायाच्या अंगठ्याला, नख आणि कातडी यांच्या बेचक्यात, कुंकू अडकून बसलं होतं. वसुधाने साबण लावला, जुन्या टूथब्रशने घासलं, तरी ती लाल रेघ हलेना — आणि नुसतं कुंकूच नव्हतं, कडेला हळदीचा पिवळा डागही होता. म्हणजे कोणीतरी आधी हळद वाहिली, मग कुंकू, अगदी रीतसर, मूर्तीला वाहतात तसं... आणि त्या वेळी हा पाय तिथे होता, पण आपण नव्हतो. तिच्या हातातून ब्रश गळून पडला. ती बादलीच्या काठाला धरून बसून राहिली. बाथरूमची कडी तिने आतून लावलेली नव्हती. पितृपक्षापासून ती कडी लावतच नव्हती, आणि अनंतच्या ते अजून लक्षात आलं नव्हतं.

"देवी, चहा झालाय!" बाहेरून अनंतने हाक मारली. "की आता नैवेद्यच दाखवायचा?"

निवृत्त झाल्यापासून सकाळचा चहा त्याच्याकडे होता, आणि थट्टा तर लग्नापासूनच. "आले हो," ती म्हणाली. आवाज नेहमीसारखा निघाला, याचंच तिला बरं वाटलं.

काल अष्टमी होती. मंडळाच्या हॉलमध्ये महालक्ष्मी उभी केली होती — उकडीचा मुखवटा, हिरवं जरीचं नेसलेली — आणि उदाच्या धुराने सगळ्यांचे डोळे चुरचुरत होते. घागर उदावर धरायची, धुराने भरली की दोन्ही हातांत घेऊन तिच्या तोंडाशी फुंकर घालत नाचायचं. वसुधा लग्नानंतरच्या पहिल्या वर्षापासून हे करत आली होती. कुणाकुणाच्या अंगात यायचं, मग बाकीच्या बायका प्रश्न विचारायच्या. तिच्या कधी आलं नव्हतं. त्यावर आपला विश्वास आहे की नाही हे तिला कुणी विचारलं नव्हतं, आणि तिनेही स्वतःला विचारलं नव्हतं; पार्ल्यातल्या निम्म्या बायकांचं असंच होतं. काल पोटात उपासाची साबुदाण्याची खिचडी, तीही सकाळची... घागरीचा घुमारा कानात शिरला आणि बाहेर पडेना, समयांच्या ज्योती पिवळ्या होत होत पसरल्या, बायकांची गाणी शेजारच्या घरातून ऐकू यावीत तशी लांब गेली — आणि मग?

मग फरशी. मानेखाली कुणाची तरी मांडी, ओला पदर कपाळावर, आणि पायांवर डोकं ठेवून रडणारी नीला. नीला! बी विंगमधली, मुलं लहान असल्यापासून हिला "वसे" म्हणून हाक मारणारी, भाजीवाल्याशी भांडताना हिला पुढे करणारी नीला "आई, आई" म्हणत होती. "वसुधाताईंच्या अंगात आलं हो," कोणीतरी म्हणालं. वसुधाने साखरपाणी घेतलं आणि ती हसली.

का हसलीस? रात्रभर ती स्वतःला हेच विचारत होती. खरं म्हणजे तिला उत्तर ठाऊक होतं. देवी असेल तर ते दुसरं नसेल, म्हणून मी हसले.

ते दुसरं पितृपक्षात झालं होतं. गॅसवर दूध होतं, ती शेजारी उभी होती. नंतर तिचा गाल फरशीवर होता, समोर फ्रिजखाली हरवलेला कपड्याचा चिमटा दिसत होता, आणि ओट्यावरून करपलेलं दूध थेंबथेंब गळत होतं. मधलं काहीच नाही. झोपेला निदान लांबी असते, उठल्यावर कळतं की झोपलो होतो. याला लांबी नव्हती, अंधारही नव्हता. जिथे अंधार बघायला कोणी लागतं तिथे ती नव्हतीच. तिने ओटा घासला आणि अनंतला सांगितलं, "विसरले हो." आईही असंच करायची. "जरा भोवळ आली गं," म्हणून पदराने तोंड पुसायची आणि पुन्हा पोळ्या लाटायला घ्यायची... आणि एका दुपारी न्हाणीघराची कडी तोडावी लागली. आई तेव्हा वसुधाच्या आताच्या वयाची होती. कडी तोडल्याचा तो आवाज तिने कधी कुणाला सांगितला नव्हता.

चहा संपतो न संपतो तोच बेल वाजली. नीलाच होती. हातातल्या ताटात नारळ, खण, ओटीचे तांदूळ, डोळे सुजलेले पण चेहरा उजळलेला. ती नेहमीच्या खुर्चीत बसली नाही. खाली सतरंजीवर बसली.

"अगं, वर बस ना."

"नको. तुम्ही बसा."

तुम्ही! अनंत गालातल्या गालात हसत रिकामे कप घेऊन आत गेला.

"देवेशला सांगितलंय मी," ओटीचं ताट पुढे सरकवत नीला म्हणाली, "बारा वाजता हॉस्पिटलला फोन कर आणि ऑपरेशन रद्द म्हणून सांग. पोरगा जाम भडकलाय. म्हणाला, आई, वेड लागलंय का तुला? पण काल मी तुम्हाला विचारलं ना, ह्यांची बायपास करू का म्हणून? दोनदा विचारलं. दोन्ही वेळा तुम्ही मान हलवलीत. अशी." नीलाने करून दाखवलं — डावीकडे, उजवीकडे, सावकाश. "नाहीतर वाट लागली असती आमची. दसरा झाला की ॲडमिट करणार होतो."

वसुधा त्या हलणाऱ्या मानेकडे बघत राहिली. ही आपली मान. कुणीतरी आपली मान घेऊन आपल्या पश्चात नाही म्हणालं होतं... आणि त्या नाहीवर श्यामसुंदरचा जीव टांगला होता. श्यामसुंदर, नीलाचा नवरा, पूर्वी जिन्यात शीळ घालत चढणारा आणि आता मधल्या मजल्यावर थांबून भिंतीवरचा मीटर वाचत असल्याचं नाटक करणारा. डॉक्टरांनी बजावलं होतं, लांबवू नका. नीलानेच तर सांगितलं होतं, भीत भीत, गेल्या आठवड्यात, त्या नेहमीच्या खुर्चीत बसून.

गप्प बसलं तर काय होईल? काहीच नाही, ओटी घ्यायची, नारळ देवापुढे ठेवायचा, आणि आपण ठणठणीत; आपल्याला देवी आली होती, आजारी बायकांना देवी थोडीच येते. बोललं तर अनंत आतून धावत येईल, त्याची थट्टा बंद होईल, मग छातीला वायरी, मशीनवर सरकणारा कागद आणि तो कागद वाचणाऱ्या डॉक्टरचा चेहरा. आईचा कागद कोणी काढलाच नव्हता. मला कळून घ्यायचं नाहीये, तिला ओरडून सांगावंसं वाटलं, मला भीती वाटते, मला खरंच फार भीती वाटते...

"नीला, ऐक. काल मला —"

डोक्यावरून विमान आलं. पार्ल्यात विमान जाईपर्यंत बोलणं थांबवायचं आणि गेलं की त्याच शब्दापासून पुढे सुरू करायचं, ही सगळ्यांच्याच अंगवळणी पडलेली गोष्ट होती. खिडकीच्या काचा थरथरल्या. नीला तोंडाकडे बघत थांबली होती. वाक्य गिळून टाकायला हीच वेळ होती. चहा घेतेस का, एवढं विचारलं असतं तरी भागलं असतं. विमान गेलं.

"— भोवळ आली होती," वसुधा म्हणाली. "देवीबिवी काही नव्हतं. मी पडले. याआधीही पडलेय एकदा, स्वयंपाकघरात. कुणाला सांगितलं नाही. माझ्या आईला हेच व्हायचं. काल तू काय विचारलंस ते मी ऐकलंसुद्धा नाही गं. देवेशला म्हणावं, फोन करू नको."

आत नळ चालू होता, तो बंद झाला. अनंत दारात येऊन उभा राहिला, हातात अर्धा विसळलेला कप. त्याचा चेहरा तिने इतक्या वर्षांत असा पाहिला नव्हता.

नीलाच्या चेहऱ्यावरचा उजेड विझला. एकदा वाटलं, ती चिडेल. मग वाटलं, ती हेही देवीचंच बोलणं समजून पुन्हा पाया पडेल. ती वसुधाच्या पायांकडे बघत होती, अंगठ्यावरच्या त्या लाल रेघेकडे. मग ती उठली, खुर्ची ओढून वसुधाच्या शेजारी बसली आणि तिने तिचं मनगट धरलं. नीलाचा हात गार पडला होता.

"वसे," ती अगदी हळू म्हणाली, "पण मग मान कुणी हलवली गं?"

पडलेल्या माणसाची मान हलत असेल, शुद्धीवर येताना, आपोआप... असं म्हणायला वसुधाने तोंड उघडलं, पण ते तिचं तिलाच पुरेना. भिंतीवरच्या घड्याळात बाराला अजून अवकाश होता. देवेशला थांबवायला नीलाने फोन हातात घेतला नव्हता, आणि घेणार नाही असंही म्हटलं नव्हतं.

"मला माहीत नाही," वसुधा म्हणाली.

तिची छाती धडधडत होती, अनंतची नजर तिच्यावरून हलत नव्हती. इतकी भीती तिला पितृपक्षात वाटली नव्हती, काल फरशीवरही नाही. तेव्हा भ्यायला तिथे कोणी नव्हतंच. आता होतं. मीच होते. नीलाची पकड दुखत होती, आणि वसुधाने हात सोडवून घेतला नाही.