पान चारशे बारा

मित्रांनो, मी कायद्याचा एक जुना शब्दकोश आहे. जाडजूड, पाठीतून उसवलेला आणि खरं सांगायचं तर थोडा तिरसट. नवा होतो तेव्हा माझ्यासाठी वकिलांची रांग लागायची. पुढे नवे कोश आले आणि कोर्टाच्या कारकुनाने मला गळक्या खिडकीला टेकू म्हणून लावलं. बारा पावसाळे मी भिजलो. पानं एकमेकांना चिकटली. कुणाला काय त्याचं?

मग एका भावाबहिणीचा खटला आला. वडिलांच्या मृत्युपत्रात लिहिलं होतं, ‘वरच्या खोलीचे थोरल्याने निवाडावे.’ त्या खोलीत धाकटी मुलगी कपडे शिवायची. तिचं पोट त्यावरच होतं. थोरल्या भावाने खोलीला कुलूप घातलं आणि तिचं शिलाई मशीन जिन्यात आणून ठेवलं.

नव्या कोशांत ‘निवाडणे’ हा शब्दच नव्हता, तेव्हा कुठे माझी आठवण झाली. भावाच्या वकिलाने वाचलं, “निवाडणे, अर्थ पहिला : ठरवणे. झालं तर. यांनी ठरवलं.”

माझा जीव वरखाली झाला. अहो, पुढे वाचा की! पण मला बोलता कुठे येतं?

न्यायाधीशबाईंनी मला जवळ ओढलं. “चारशे अकरानंतर एकदम चारशे चौदा?”

कारकुनाचं तोंड उतरलं. त्याने पट्टी घेतली आणि श्वास रोखून चिकटलेली पानं सोडवली. एक कोपरा गेला. अक्षरं मात्र बचावली.

बाईंनी वाचलं, “अर्थ दुसरा : खरे-खोटे वेगळे करणे. तिसरा : ज्यांचे नुकसान होणार त्यांचे ऐकून मग निकाल देणे, न ऐकता दिल्यास तो निवाडा नव्हे.” मग भावाकडे पाहिलं. “बहिणीला विचारलं होतं?”

“त्यात काय विचारायचं? मी मोठा आहे.”

“कुलूप काढा. आधी तिचं ऐका, मग ठरवा.”

बाहेर व्हरांड्यात भाऊ बहिणीजवळ थांबला. “बरं, बोल,” म्हणाला.

दोन वर्षं ती याचीच वाट बघत होती. “दादा,” ती म्हणाली, “त्या खोलीत उजेड चांगला येतो रे. सुईत दोरा ओवता येतो.”

भावाने खिशातून किल्ली काढून तिच्या हातावर ठेवली.

मित्रांनो, आता मी कोरड्या कपाटात आहे. कारकून मला अधूनमधून ऊन दाखवतो. तुमच्या घरीही एखादं जुनं पुस्तक टेकूला लावलेलं असेल. ते जरा काढा, पुसा, पानं सोडवा. पण हळू. त्या दिवशी पट्टी बोटभर सरकली असती, तर ते मशीन अजून जिन्यातच असतं.