शरद फणसे यांची शिफारस

"संगीत दोनच प्रकारचं असतं. एक माणसाला उठवतं, दुसरं माणसाला बसवतं. बाकी सगळी घराणी मागाहून निघाली," शरद फणसे ठामपणे म्हणाले. समोरच्या गृहस्थांनी विरोध केला नाही. त्यांच्या तोंडात कापसाचा बोळा होता.

पलासियातल्या त्या दातांच्या दवाखान्यात फणसे रिसेप्शन सांभाळत. पणजोबा होळकरांच्या घोडदळात होते. पणतवानं माणसांना खुर्चीवर चढवायचं काम पत्करलं. हे जास्त अवघड, कारण घोडा कधी "आज राहू द्या, आज मंगळवार आहे" असं म्हणत नाही.

पूर्वी दवाखान्यात भजनं लागायची. पण भजन कितीही गोड असलं, तरी आतून ड्रिलचं 'झिंऽऽ' आलं की बाहेरचे दोघे-तिघे चपला शोधू लागत. मग एकदा कोणी पेशंट पेनड्राइव्ह विसरून गेला. फणसेंनी तो सहज लावून पाहिला. तबला नाही, पेटी नाही, शब्द नाहीत. नुसती यंत्रं आपसात काहीतरी ठरवत होती. आणि आतलं ड्रिल त्यात साखरेसारखं विरघळलं! गाणं कुठे संपतं आणि दाढ कुठे सुरू होते, कोणालाच कळेना.

औषध म्हणून आलेली ही वस्तू फणसेंना पुढे आवडूच लागली. दुपारच्या सुट्टीत ड्रिल बंद असतानाही ते ऐकत बसत. गाण्यांची नावं एकतर जर्मन, नाहीतर नुसते आकडे. म्हणून त्यांनी स्वतःच बारशी केली: 'नळाला पाणी येतंय', 'रिकामी लिफ्ट'. कोणी कुतूहल दाखवलं की ते लगेच शिफारस करत. कोणाला बोलता येत नसलं, तर त्याला कुतूहल आहे असं धरून चालत.

त्या दिवशी मात्र सकाळीच डॉक्टर संहिता बाहेर आली. मोठ्या डॉक्टरांची मुलगी, या दवाखान्यातच लहानाची मोठी झालेली. ड्रिलचं नवीन मशीन बसलं होतं.

"काका, हे एकदम सायलेंट आहे. ज्याच्यासाठी म्यूझिक लावत होतो, तो प्रॉब्लमच खतम. आता टीव्ही लावून टाकू ना?"

"आवाज गेला म्हणून गाणं पण घालवायचं?"

"पण कोणाला पसंद आहे का ते? कोणी कधी विचारलं, हे काय वाजतंय म्हणून?"

फणसे खोटं बोलत नसत. "एकानं विचारलं होतं. हे बंद कुठून होतं म्हणून."

संहिता हसली. मग त्यांचा चेहरा पाहून थांबली. "चला, आजचा दिवस. दवाखाना बंद होईपर्यंत कोणी एकानं जरी स्वतःहून मागितलं, तर ठेवू. आणि काका, तुम्ही मागायला लावायचं नाही."

फणसेंनी 'नळाला पाणी येतंय' लावलं आणि ते टपून बसले.

सियागंजातले तेलाचे एक व्यापारी बराच वेळ कान देऊन ऐकत होते. फणसेंची आशा वाढली. शेवटी ते उठून काउंटरपाशी आले. "भिया, पीछे बोरिंग करवा रए हो क्या? पानी कितने पे लगा?"

मग राऊहून ऋषभ नावाचा कॉलेजचा मुलगा आला. दोन्ही कानांत इअरफोन, मान डोलतेय. हा आपल्यातला, फणसेंना वाटलं. "काय ऐकतो रे?"

"भजन लगा रखा है, काकाजी. आज दाढ निकलनी है ना."

संध्याकाळी शेवटच्या नंबरावर फणसेंच्या ओळखीतल्या जनाबाई आल्या. नऊवारी, हातात पर्स, दोन्ही हातांनी घट्ट धरलेली. वेटिंग रूममध्ये आणखी कोणी नव्हतं. बसल्या, इकडेतिकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "काय रे हे? गातंय कोण?"

फणसेंच्या हातातलं पेन थांबलं. "कोणी गात नाहीये, काकी."

"मग वाजवतंय कोण?"

"जर्मनीचा एक माणूस आहे. खोलीत मशीन घेऊन बसतो."

"एकटाच?"

"एकटाच."

"जेवतो केव्हा?" त्यांनी थोडा विचार केला. "आमचा फ्रिज असंच करतो. रात्री मोठ्यांदा, दिवसा हळू. घरात आता तो आणि मीच. मध्येच बंद पडला की मीच विचारते, काय झालं बाबा?"

फणसे काउंटरमागून बाहेर आले. मागायला लावायचं नाही, हे त्यांना आठवत होतं. पण समजावून सांगायला तर मनाई नव्हती. 'रिकामी लिफ्ट' लावून ते म्हणाले, "यात शब्द शोधायचे नाहीत. बारीक आवाज वर चढतोय ना, त्याचं बोट धरायचं."

जनाबाईंनी खरंच बोट हवेत धरलं. "चढतोय. आणि हा दुसरा कोण मधेच?"

"तो शेजारी समजा."

"भोचक दिसतोय," त्या म्हणाल्या. मग म्हणाल्या, "याच्यापेक्षा चांगलं आहे का?"

होतं. त्याला फणसेंनी नाव दिलं नव्हतं. जमलंच नव्हतं. ते त्यांनी लावलं. आधी एक सूर, नुसता, दूरवर कोणी दिवा धरून उभं असावं तसा. त्याच्याखाली दुसरा आला. मग पावलांसारखं काहीतरी. जवळ येतंय की तिथेच आहे, कळत नव्हतं. जनाबाई पुढे सरकल्या. पर्सवरचे हात सुटले.

"कोणी येतंय का रे?"

"ऐका. येतंय."

संहितानं दार उघडलं. "जनाबाई, या आत."

"थांब गं!" त्यांनी तिच्याकडे न बघताच हात वर केला. संहिता दारातच उभी राहिली.

सूर चढत गेले, एकमेकांत मिसळले, आता फुटतील असे ताणले गेले आणि फणसेंनी तर्जनी उचलली. धाड! ठेका आला. काउंटरवरचा दातांचा प्लास्टरचा नमुना थरथरला. हा क्षण गाठण्यासाठीच तर सगळा प्रवास. फणसेंचे डोळे पाणावले होते.

गाणं संपलं. जनाबाईंनी पर्समधून मोबाइल काढला. "हे यात टाकून दे."

फणसेंनी संहिताकडे पाहिलं. तिनं दोन्ही हात वर केले. "स्वतःहून मागितलं, काका. मी ऐकलं. राहू द्या."

फणसे ताठ उभे राहिले. पणजोबांनी कुठलासा किल्ला घेतला होता म्हणतात. घेतल्यावर ते असेच उभे राहिले असतील.

आत जाता जाता जनाबाई दारात वळल्या.

"शरद, ते धाडधाड सुरू होतं ना, त्याच्या आधी कापून टाक बरं. येतंय, येतंय वाटतं, तेवढंच दे."