टिकलीवरून उतरताना

मी जळत होते. आडपडदा ठेवून काय उपयोग, घरात सगळ्यांना ते दिसतच होतं. माझ्या घोडीवर माझी धाकटी जाऊ बसत होती आणि मी साडेचार महिन्यांचं पोट घेऊन कुंपणाला टेकून उभी राहत होते.

आमची घोडेस्वारीची शाळा. सासऱ्यांनी उभी केलेली, चौदा घोडे आणि एक मैदान. टिकली जन्मली तेव्हा मी लग्न होऊन नुकतीच आले होते. कपाळावर पांढरा ठिपका म्हणून नावही मीच ठेवलं. तिला पहिला लगाम मी घातला, पहिलं खोगीर मी चढवलं, दोनदा तिने मला चिखलात आपटलं तेही मीच सोसलं. सहा वर्षांत तिच्या पाठीवर दुसरं कुणी बसलं नव्हतं.

मग दिवस राहिले. तीन महिने व्हायला आले तेव्हा डॉक्टरीणबाईंकडे गेले आणि घोड्यावर बसते हे सांगितलं. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. म्हणाल्या, घोड्याच्या चालीची मला एवढी चिंता नाही, पडण्याची आहे. बारा आठवड्यांनंतर गर्भाशय ओटीपोटाच्या हाडांच्या वर यायला लागतं, मग फटका बसला तर आतल्या जिवाला आडोसा राहत नाही. शिवाय पोट वाढलं की तोलही बदलतो. मी म्हटलं, माझी घोडी फार गुणी आहे. त्या म्हणाल्या, गुणी घोडीसुद्धा उडत्या पिशवीला बिचकते. त्याच दिवशी बंद केलं.

सासऱ्यांनी दुसऱ्या दिवशी टिकली धाकटीला दिली. दीड महिन्यानंतरच्या रविवारी मोठ्या स्पर्धेची निवड होती, त्यात तीच बसणार, आणि निवड झाली की वर्षभर घोडी तिच्याकडेच. मला कुणी विचारलंसुद्धा नाही.

धाकटी तीन वर्षांपूर्वी घरात आली. गरीब बिचारी वगैरे मुळीच नाही, बसते चांगली. म्हणून तर अंगाचा तिळपापड व्हायचा. मी रोज सकाळी कुंपणाशी जायची आणि चुका काढायची. हात कडक, टाच वर, नजर खाली. नवरा म्हणाला, उंटावरून शेळ्या हाकणं पुरे कर. सासूबाईंनी ‘जावा-जावा आणि उभा दावा’ म्हणून टाकलं. मी कुणाचंच ऐकलं नाही.

मोठी चूक मला एकच सापडली होती आणि ती मी गावभर सांगत सुटले होते. धाकटी खोगिरात बसतच नव्हती. घोडी दुडक्या चालीने निघाली की ही रिकिबीवर भार देऊन बोटभर वर राहायची. मी ओरडून घसा बसवला. बूड टेक, बूड टेक. ती ‘हो ताई’ म्हणायची आणि तशीच वर राहायची. आळशी आहे, घोडी बिघडवतेय, असं मी रोज जेवताना सगळ्यांना ऐकवलं.

गुरुवारी ती मैदानातून उतरली आणि चाऱ्याच्या खोलीमागे गेली. बराच वेळ आली नाही. आली ती तोंड धुऊन. आणि माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. अकराव्या आठवड्यात, घरात कुणाला सांगायच्या आधी, मीसुद्धा अशीच बसत होते. कुणी शिकवत नाही, शरीर आपणहून पोट वर उचलून धरतं. लग्नाआधीपासून, पंधरा वर्षं लोकांना खोगिरात बसायला शिकवते मी, आणि समोरची बाई का बसत नाही ते मला कळलं नव्हतं.

आता खरं सांगते. पहिला आनंद झाला. बरी सापडली, उतरावंच लागणार हिला. बाळाचा विचार मागाहून आला, आणि आला तेव्हा माझी मलाच लाज वाटली.

रात्री जेवताना सासऱ्यांना म्हटलं, बाबा, रविवारी हिला बसवू नका. का, म्हणून त्यांनी विचारलं. धाकटी ताटात बघत बसली होती. दुसरीच्या पोटातली गोष्ट मी कशी बोलणार? म्हटलं, तयारी नाही तिची. दीर हसला, नवऱ्याने माझा हात दाबला. सासरे म्हणाले, थोरले, ही पोटदुखी बाळंतपणाबरोबर जाईल, जेव आता. दीड महिना मी जे पेरलं होतं तेच उगवलं. शुक्रवारी-शनिवारी तिला एकटं गाठायचा प्रयत्न केला, तर ती नवऱ्याला सोडून हलेना.

रविवारी तिच्या आधी चार स्वार होते. ती टिकलीवर बसून मैदानाच्या दारापाशी उभी होती. मी जाऊन लगाम धरला.

“कितवा आठवडा?” मी विचारलं.

तिने इकडेतिकडे पाहिलं. कुणी जवळ नव्हतं. “नववा,” ती म्हणाली. मग म्हणाली, “तुम्ही अकरा आठवडे बसलात. मला तेव्हाच कळलं होतं. मी कुणाला सांगितलं का?”

नव्हतं सांगितलं. मला आठवलं, त्या दिवसांत ती रोज न बोलावता मैदानावर यायची, माझ्या खोगिराचा पट्टा पुन्हा तपासायची, घोड्याने उडी मारायच्या अडसरांचे दांडे एकेक खण खाली उतरवून ठेवायची. मी तेव्हा समजत होते की हिचा माझ्या घोडीवर डोळा आहे.

“तुमचं काही झालं नाही,” ती म्हणाली. “माझं मागच्या वर्षी गेलं, ताई. मी घोड्यावर नव्हते. कपडे वाळत घालत होते. घरात फक्त ह्यांना माहीत आहे, आणि आताचं तर ह्यांनाही नाही. जमिनीवर राहून राहत नसेल, तर उतरून मला काय मिळणार? घोडी तरी मिळू दे.”

मी घोडीसाठी जळत होते. ही इतके महिने माझ्या पोटाकडे बघून कशासाठी जळत असेल, हा विचार मला एकदाही शिवला नव्हता. आणि तरी ती माझे दांडे खाली उतरवत होती.

मला गोड बोलता येत नाही. म्हटलं, “तू उतरावंस असं मला वाटतं, त्यात अर्धा घोडीपायी जळफळाट आहे. तो आजही आहे. उरलेलं ऐक. मागचं गेलं त्यात तुझा काही दोष नव्हता. हे पडून गेलं, तर मात्र तू स्वतःला जन्मभर सोडणार नाहीस. मी अकरा आठवडे बसले ती माझी अक्कल नव्हती, नशीब होतं.”

चौथा स्वार आत गेला. ती घोडीच्या मानेवर हात ठेवून बसून राहिली. मग तिने रिकिबीतून पाय काढला. मी तिच्या कमरेला धरून तिला खाली घेतलं.

“घरी काय सांगायचं?” तिने विचारलं. “बारा आठवडे होईपर्यंत मला कुणाला सांगायचं नाही. पुन्हा सगळं गेलं तर त्यांची तोंडं नाही बघवणार मला.”

“सांग, थोरलीने भांडून उतरवलं.”

तेच सांगितलं. नवरा तीन दिवस माझ्याशी बोलला नाही, सासऱ्यांनी माझ्याकडे पागेच्या किल्ल्या परत मागितल्या, सासूबाई म्हणाल्या की असली बाई उभ्या जन्मात पाहिली नाही. कुणी एका शब्दाने उलट विचारलं नाही. माझ्याबद्दल ते कुणालाही पटण्यासारखंच होतं.