आईने करून घेतलेली तयारी

आईने आयुष्यभर शिकवण्या घेतल्या. त्यामुळे परीक्षा म्हटली की तिला जुनी प्रश्नपत्रिका लागतेच. सहा महिन्यांपूर्वी बाबांची स्मृतिभ्रंशाची पहिली चाचणी झाली, तेव्हा शेजारी बसून तिने सगळे प्रश्न वहीत उतरवून घेतले होते. गेला महिनाभर रोज सकाळी घोकंपट्टी चालली होती. "क वरून शब्द सांगा." कपाट, कात्री, कुलूप, कंदील. मी चिडायचे, "अगं, त्यांना खरंच काय जमतं ते कळायला नको का?" ती ऐकतेय होय!

तिचंही चूक नव्हतं म्हणा. तिच्या हृदयाची झडप बदलायची होती आणि डॉक्टरांनी निक्षून सांगितलं होतं, आता चालढकल नको. दवाखान्यात तिच्याजवळ मी थांबणार, म्हणजे दिवसभर बाबा घरी एकटे. ते राहू शकतील असं चाचणीत आलं तरच ती ऑपरेशनला तयार होती. देखभाल केंद्राचं नुसतं नाव काढलं तरी ती कंबर कसून भांडायला उभी राहायची.

बाबा बस डेपोत वेळापत्रकं लावायचे. चाळीस गाड्या, नव्वद ड्रायव्हर, कोण आजारी, कुठली गाडी बंद, सगळं तोंडपाठ. आता आधी मोजे की आधी बूट, हेही सांगावं लागतं. मला ते बघवत नाही.

या वेळच्या चाचणीला आईला बाहेरच बसवलं. मला कोपऱ्यात जागा मिळाली, पण तोंड उघडायचं नाही या बोलीवर.

मानसतज्ज्ञ बाई म्हणाल्या, "काका, म वरून सुरू होणारे शब्द सांगा. एक मिनिट आहे."

बाबा खूश झाले. "कपाट, कात्री, कुलूप, कंदील."

"म वरून, काका."

"कपाट," बाबांनी पुन्हा सुरुवात केली.

मग अंक आणि अक्षरं आळीपाळीने जोडायचा कागद आला. बाबांनी नुसते अंक जोडले, अक्षरांकडे ढुंकूनही पाहिलं नाही. बाईंनी तो कागद बाजूला ठेवला.

"बरं, तुम्ही घरी एकटे आहात. स्वयंपाकघरातून धूर येतोय. काय कराल?"

"हिला हाक मारीन."

"काकू घरी नाहीत."

"मग हिला हाक मारीन."

"त्या दवाखान्यात आहेत, काका. घरात फक्त तुम्ही."

बाबांनी खरोखर विचार केला. कपाळावर आठ्या आल्या.

"जरा मोठ्याने मारीन," ते म्हणाले.

बाहेर आल्यावर आईला थाप मारायचं मी ठरवलं होतं. पण तिने माझ्याकडे एकदा पाहिलं आणि मी सगळं ओकून टाकलं, धुराचंसुद्धा. बाबांच्या शर्टाचं सुटलेलं बटण लावत ती म्हणाली, "ऑपरेशनची तारीख रद्द कर."

"आई, अशाने मरशील तू!" मी ओरडलेच. रांगेतली माणसं बघायला लागली.

"मरेन तेव्हा मरेन," ती म्हणाली. "तोवर ओ तर देईन."