धक्क्यावरची लाल चिंधी

मी तळ्यावर पोचले तेव्हा रेइनो लाकडी धक्क्याच्या टोकाला गुडघ्यांवर बसून लाल चिंधीची गाठ सोडत होता, आणि गाठ सुटत नाही म्हणून तिला शिव्या घालत होता. रेइनो माझा थोरला भाऊ. वय बहात्तर, डोळे अधू, तोंड मात्र शाबूत.

"मेली कुणी मारली ही गाठ!"

"तूच मारलीस. इथं दुसरं कोण राहतं?"

"आलीस का डोकं खायला? सामान टाक आणि होडीत बस, आइली. मोसमाचा पहिला दिवस, आणि तू येतेस नऊ वाजता, लग्नाला आल्यासारखी."

मी बसले. सहाशे किलोमीटर गाडी हाकत आले होते ती काही मासे धरायला नाही. रेइनोला एक गोष्ट सांगायची होती. अठ्ठावन्न वर्षं ती गिळून बसले होते, आणि आता दोघांपैकी कुणाचा भरवसा नाही म्हणून आले होते.

जूनचा शेवटचा शनिवार उजाडेपर्यंत आमच्याकडे बास जातीचे मासे धरायला बंदी असते. उथळ पाण्यात मादी अंडी घालून निघून जाते आणि नर राखण करत बसतो. खात नाही, हलत नाही, समोर काही आलं की चावायला धावतो. म्हणूनच त्या दिवसांत तो शेंबड्या पोरालाही सापडतो. कायदा सगळ्यांनाच होता, पण आमच्या घरी त्याशिवाय बाबांची चिंधीही होती. धक्क्याखाली नर बसला की बाबा टोकाला लाल चिंधी बांधायचे. मग तिथून उडी नाही, पोहणं नाही, सौनातून, त्या वाफेच्या खोलीतून, तापून आलं तरी अंगावर पाणी घ्यायला लांब पलीकडच्या खडकावर जायचं. बाबा निकेलच्या खाणीत कामाला. जमिनीखाली जन्म गेलेला माणूस, सुट्टीत धक्क्यावर पालथा पडून त्या माशाकडे बघत कॉफी प्यायचा. आमच्याकडे इतका वेळ कधी बघितलं नसेल!

मी अकरा वर्षांची होते. मावशीचा वेइक्को राहायला आला होता आणि मला म्हणाला, मुलींना कुठं मासा धरता येतो. झालं! भल्या पहाटे रेइनोचा गळ उचलला, चिंधीखालून सोडला, आणि पहिल्याच फटक्यात तो मासा लागला. वर काढला तर केवढा मोठा! मी घाबरले. गळ त्याने पार पोटात गिळला होता. ओढताना मेला. खाली बघते तर पिवळ्या पोटाचे चिल्लर मासे कुठून कुठून गोळा झालेले. कॉफी उकळायला लागतो तेवढ्या वेळात त्यांनी सगळी अंडी साफ केली.

मासा मी सौनाच्या पायरीखाली कोंबला. बाबांना सापडला, शेजारी रेइनोचा ओला गळ. बाबांनी आवाज चढवला नाही. "माझ्या होडीत तुला जागा नाही," एवढंच त्याला म्हणाले. तो "मी नाही, मी नाही" म्हणत राहिला. मी पुल्ला खात बसले होते. वेलदोड्याचा तो गोड पाव आजही माझ्या घशाखाली उतरत नाही.

बाबा शब्दाचे पक्के. चार वर्षं रेइनो धक्क्यावर उभा राहिला आणि मी बाबांबरोबर होडीत गेले. अठरा पुरी झाल्यावर तो पश्चिमेला निघून गेला तो बाबांच्या शेवटच्या आजारपणातच परत आला.

बेटामागे गेल्यावर रेइनोला एक बरा मासा लागला. त्याने ओल्या हाताने धरला, हळूच सोडला. "जा बाबा, मोठा हो," म्हणाला. मग माझ्याकडे वळला. "तुझा गळ कोरडाच? धरतेस की नुसती फिरायला आलीस?"

"रेइनो, तो मासा मी मारला. धक्क्याखालचा. तुझ्या गळाने."

रीळ फिरवणारा त्याचा हात थांबला.

"वेइक्कोने मारला तो."

"नाही. मी."

त्याने गळ होडीत आडवा ठेवला. मग म्हणाला, "मी वेइक्कोच्या मयताला गेलो नाही. त्याची बायको दारात येऊन रडली, तरी गेलो नाही. कळतंय का तुला?"

"चुकलं माझं. फार चुकलं रे."

"गप्प बस." त्याने वल्ही उचलली. "आणि ऐक. बाबा अंथरुणावर होते, माझ्याकडे पाठ करून. मला वाटलं, हा माणूस असाच जाणार. म्हणून मी कबूल केलं. म्हटलं, बाबा, मासा मीच मारला, माफ करा. तेव्हा कुठं कूस वळवली त्यांनी. माझा हात धरून रडले."

"तू? न केलेलं कबूल केलंस?"

"दुसरं काय हातात होतं माझ्या? चौतीस वर्षं खरं बोलून पाहिलंच होतं की!"

धक्का जवळ आला तशी मी तोंड लपवायला खाली वाकले. मधल्या खांबापाशी, सावलीत, एक नर अजून बसलेला होता. कल्ले हलत होते, शेपटीने गाळ झाडत होता. रेइनोला तो दिसलाच नव्हता.

"थांब. एक अजून बसलाय," मी म्हटलं.

त्याने खिशातून चिंधी काढली आणि होडीतूनच बांधायला लागला. गाठ बसत नव्हती. मी मदतीला हात पुढे केला, तो त्याने कोपराने बाजूला सारला.

"मला तर त्यांनी माफ केलं," तो गाठीकडे बघत म्हणाला. "तुझं नावही निघालं होतं त्या दिवशी."

"काय म्हणाले?"

"म्हणाले, आइली कधी खोटं बोलली नाही, आणि आज तूही खरं बोललास. माझी दोन्ही पोरं खरी निघाली."

त्याने गाठ ओढून घट्ट केली.